‘मॅडम, हे गुन्ह्यात बसतं का?’

नाशिकमधल्या आमच्या समुपदेशन केंद्रात नको असलेल्या गरोदरपणाबद्दल बोलायला बायका येतात, तेव्हा दुखेल का, खर्च किती येईल, हे बहुतेक जणी नंतर विचारतात. आधी विचारतात, ‘पोलिसांची भानगड तर होणार नाही ना?’ मग नवऱ्याच्या सहीचं. मग आवाज खाली आणून, ‘लोकांना कळलं तर?’ सातपूर-अंबडच्या कामगार वस्तीतली बाई असो की कॉलेज रोडच्या फ्लॅटमधली, हा क्रम फारसा बदलत नाही. गर्भपाताचा कायदा १९७१ साली संसदेत मंजूर झाला आणि १ एप्रिल १९७२ पासून तो लागू आहे. आज विचारायला येणाऱ्या बाईच्या जन्माआधीपासून, पुष्कळदा तिच्या आईच्या लग्नाआधीपासून, ही वाट कायद्याने मोकळी आहे. तरी ती खुर्चीच्या कडेवर बसते आणि सारखी दाराकडे बघत राहते.

या भीतीबद्दल लिहायचं आहे, म्हणून सुनीताची हकिगत सांगते. तिची परवानगी घेतली आहे. नाव, गाव आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

सुनीता एकोणतीस वर्षांची. सिडकोत भाड्याच्या दोन खोल्या, मुलगा पहिलीत, मुलगी अंगणवाडीत. नवरा ट्रक चालवतो. द्राक्षांच्या हंगामात निफाड-पिंपळगावकडून न्हावाशेवा बंदरापर्यंत कंटेनरच्या फेऱ्या, त्यामुळे जानेवारी ते एप्रिल तो घरी सापडणं मुश्कील. ती स्वतः अंबडच्या एका कारखान्यात पॅकिंगला जाते. मुलीच्या बाळंतपणानंतर तांबी बसवली होती. अंगावरून फार जायला लागलं म्हणून काढून टाकली. ‘दुसरं काहीतरी बघू’ असं नवरा-बायकोचं ठरलं, तोवर निरोधवर भागत होतं. एका महिन्यात ते भागलं नाही.

पाळी चुकली तेव्हा तिने मेडिकलमधून पट्टी आणून घरीच तपासलं. दोन रेघा आल्या. नवऱ्याला फोन केला तर तो म्हणाला, ‘तू ठरव. मला तिसरं झेपणार नाही हे तुला माहीत आहे. फक्त आईला कळू देऊ नको.’ सासूबाई गावी राहतात, पण त्यांचा फोन रोज संध्याकाळी येतो.

ती घराजवळच्या एका नर्सिंग होममध्ये गेली. काउंटरवरच्या मुलीने चार माणसांसमोर विचारलं, ‘मिस्टर कुठायत? त्यांची सही लागेल.’ ते गाडीवर गेलेत म्हटल्यावर, ‘मग आले की घेऊन या.’ सोनोग्राफीच्या खोलीबाहेर दोन फलक होते. एकावर इथे लिंगनिदान केलं जात नाही, तो कायद्याने गुन्हा आहे, असं. दुसऱ्यावर पोटातल्या मुलीचं चित्र, आईला विनवणी करणारी. सुनीता ते वाचत उभी राहिली आणि तिथेच तिच्या मनाने घेतलं, की आपण जे करायला आलो तो गुन्हा आहे, म्हणूनच ही मुलगी आपल्याशी असं बोलली.

यात दोन आठवडे गेले. कारखान्यातल्या मैत्रिणीच्या दिराने कुठूनतरी गोळ्या आणून दिल्या. त्या रुमालात गुंडाळून, पर्समध्ये घेऊनच ती माझ्यापुढे बसली होती. घेतल्या नव्हत्या, कारण मध्येच दुसरी धास्ती उभी राहिली होती. मळमळतंय म्हणून वस्तीतल्या आशाताईंजवळ ती बोलून गेली होती, आणि आशाताईंच्या वहीत गरोदर बाईचं नाव चढतं. ‘नाव लिहिलं असेल तर उद्या विचारतील ना, मूल कुठंय म्हणून? पोलीस येतील ना? मॅडम, हे गुन्ह्यात बसतं का?’

या प्रश्नाला मी लगेच उत्तर दिलं, ‘नाही.’ आधी तेवढं एकच. घाबरलेल्या माणसाला अटी आणि कलमं आधी सांगितली तर त्याला फक्त अटी ऐकू येतात.

मग तारीख विचारली. शेवटच्या पाळीचा पहिला दिवस कोणता? ती म्हणत होती, सव्वा महिना झाला असेल. ती पाळी चुकली त्या दिवसापासून मोजत होती. डॉक्टर मोजतात ते शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून. भिंतीवरचं कॅलेंडर खाली काढून दोघींनी मिळून आठवडे मोजले. साडेनऊ भरले. हे मी मुद्दाम सविस्तर लिहिते आहे, कारण मोजणीत होणारी ही चूक फार जणींची होते आणि त्यात हातातला वेळ जातो. गोळ्यांनी गर्भपात करायला नियमाने नऊ आठवड्यांपर्यंत मुभा आहे आणि तीही डॉक्टरांच्या देखरेखीखाली. त्यापुढे डॉक्टर दुसरी पद्धत निवडतात, साधारणपणे नळीने गर्भ ओढून घेण्याची. आणि गर्भ पिशवीत आहे की पोटातल्या बीजवाहक नळीत अडकला आहे हे तपासल्याशिवाय त्या गोळ्या कोणीही घेऊ नयेत. नळीतला गर्भ या गोळ्यांनी पडत नाही. नळी फुटली तर पोटातल्या पोटात रक्तस्राव होऊन बाई जिवानिशी जाऊ शकते. तिने रुमाल सोडला, गोळ्या टेबलावर ठेवल्या आणि म्हणाली, ‘मग मी वाचले म्हणायची.’

कायद्याचं जे तिला सांगितलं ते इथेही सांगते. वीस आठवड्यांपर्यंत एका नोंदणीकृत, पात्र डॉक्टरचं मत पुरतं. कारणं कायद्यात दिली आहेत: बाईच्या जिवाला किंवा शरीराच्या-मनाच्या आरोग्याला धोका, बलात्कार, गर्भात गंभीर व्यंग, आणि गर्भनिरोधक साधन निकामी ठरणं. सुनीताचं कारण हे शेवटचं. २०२१च्या दुरुस्तीनंतर वीस ते चोवीस आठवड्यांमध्ये काही ठरावीक परिस्थितीतल्या स्त्रियांना दोन डॉक्टरांच्या मताने परवानगी आहे. बलात्कार झालेली, अल्पवयीन, अपंग, गरोदरपणात विधवा झालेली किंवा घटस्फोट झालेली, अशा त्या. चोवीसच्या पुढे गर्भात गंभीर व्यंग असेल तर वैद्यकीय मंडळ ठरवतं. बाईचा जीव वाचवण्यासाठी तातडीने करावा लागला तर आठवड्यांची मर्यादा आड येत नाही. सही लागते ती फक्त तिची, अठरा वर्षं पूर्ण झाली असतील तर. नवऱ्याची नाही, सासऱ्यांची नाही, वडिलांची नाही. अठराच्या आतल्या मुलीसाठी आणि मानसिक आजारामुळे स्वतः ठरवू न शकणाऱ्या स्त्रीसाठी पालकाची संमती लागते, एवढाच अपवाद.

आणि नोंद? दवाखान्यात नोंद होते, पण ते रजिस्टर गोपनीय असतं. कायद्याने ज्याला माहिती मागण्याचा अधिकार आहे त्याच्याखेरीज कोणाला तिचं नाव सांगितलं, तर सांगणाऱ्या डॉक्टरला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. आशाताईंची वही लसी चुकू नयेत आणि बाळंतपण सुखरूप व्हावं यासाठी असते. त्या वहीवरून बाईला पकडायला कोणी येत नाही.

भीतीला थोडा आधार आहे, हेही तिच्यापासून लपवलं नाही. इंग्रजांनी १८६० साली केलेल्या दंडसंहितेत गर्भपात हा गुन्हाच होता, आईचा जीव वाचवणं एवढीच सूट. नव्या न्याय संहितेतही ते कलम आहे. १९७१चा कायदा त्या गुन्ह्यातून सुटका देतो. मात्र डॉक्टर पात्र असला पाहिजे, जागा मान्यताप्राप्त असली पाहिजे आणि कारण कायद्यात बसलं पाहिजे. सरकारी रुग्णालयांना वेगळी मान्यता लागत नाही. खासगी केंद्राला मान्यतापत्र घ्यावं लागतं आणि ते दर्शनी भागात लावावं असा नियम आहे. मागच्या खोलीत पिशवी साफ करून देणाऱ्या भोंदूला दोन ते सात वर्षं सक्तमजुरीची शिक्षा आहे. म्हणजे कायद्याचं बोट त्याच्याकडे असतं, आणि घाबरून गेलेली बाई नेमकी त्याच्याच दाराशी जाऊन पोचते.

आता त्या दोन फलकांबद्दल. लिंगनिदानाविरुद्धची मोहीम हवीच होती आणि आजही हवी. देशात सर्वांत आधी, १९८८ साली, महाराष्ट्राने त्याविरुद्ध कायदा केला. देशपातळीवर कायदा आला तो १९९४ साली. २०११च्या जनगणनेत महाराष्ट्रात सहा वर्षांखालच्या १००० मुलांमागे ८९४ मुली होत्या, हा आकडा बघून कोणाही शहाण्या माणसाची झोप उडावी. पण त्या मोहिमेची भित्तिपत्रकं, पथनाट्यं आणि रिक्षावरचे भोंगे लोकांच्या मनात एक गोष्ट नकळत पक्की करून गेले: दवाखान्यात जाऊन मूल पाडणं म्हणजे गुन्हा. मुलगी आहे म्हणून गर्भ पाडणं आणि तिसरं मूल पोसता येणार नाही म्हणून दहाव्या आठवड्याला गर्भपात करून घेणं, यांत फरक आहे हे त्या भित्तिपत्रकांवर कुठेच नव्हतं. पहिल्यासाठी शिक्षा आहे, दुसऱ्यासाठी सरकारी दवाखाना आहे. सुनीताच्या गर्भाचं लिंग तेव्हा सोनोग्राफीत दिसण्यासारखंही नव्हतं. तरी त्या चित्रातली मुलगी आपल्यालाच हाक मारते आहे असं तिला वाटलं.

आणि खरोखरच ती मोहीम ज्यांच्यासाठी होती त्या घरांमध्ये लोक काय म्हणतात, तेही आम्ही बघतो. सिन्नरकडून एक बाई सासूबरोबर आली होती. दोन मुली पदरात, तिसऱ्यांदा दिवस राहिलेले. सासूबाईंनी सरळ विचारलं, ‘कुठं बघून देतात ते सांगा, म्हणजे पुढचं ठरवू.’ सुनेने मान वर केली नाही. सुनेशी एकटीशी बोलल्यावर कळलं, तिला हे मूल हवं होतं, मुलगी असली तरी. त्या सासूबाईंना शेजारीपाजारी कोणी नावं ठेवली असतील असं मला वाटत नाही. लोक काय म्हणतील ही भीती त्या घरात फक्त तिसरी मुलगी झाली तर होती.

इतकी वर्षं हे काम करताना मला दिसलेली गोष्ट अशी. गर्भपाताला कायद्याची परवानगी असावी की नसावी याबद्दल लोकांचं एकच, ठाम मत क्वचित असतं. कोणती बाई, कशासाठी, कोणाच्या सांगण्यावरून, यावर ते ठरतं. आणि चारचौघांत बोलायचं मत घरातल्या मतापेक्षा कडक असतं. अडलेल्या बाईच्या कानावर मात्र चारचौघांतलं तेवढंच येतं.

हे बघण्यासाठी आम्ही बचत गटांमध्ये एक साधा प्रकार करतो. सातपूरमधल्या एका गटात केला होता, समाजमंदिरात, महिन्याचा हप्ता गोळा करून झाल्यावर. आधी हात वर करायला सांगितलं: गर्भपात कायदेशीर असावा असं कोणाकोणाला वाटतं? बायका एकमेकींकडे बघत राहिल्या. दोन-तीन हात अर्धवट वर गेले आणि खाली आले. अध्यक्षबाई म्हणाल्या, ‘मॅडम, देवाने दिलेला जीव आहे. आपण कोण?’ सगळ्यांनी माना हलवल्या.

मग दोन मडकी ठेवली, वर फडकं बांधून, हात जाईल एवढंच भोक. प्रत्येकीच्या हातात चिंचोके दिले. मी एकेक परिस्थिती वाचायची आणि प्रत्येकीने उठून चिंचोका टाकायचा: तिला गर्भपात करू द्यावा असं वाटत असेल तर उजवीकडच्या मडक्यात, नाहीतर डावीकडच्या. दोन्ही मडक्यांत हात घालायचा, म्हणजे कोणी कुठे टाकला ते कळत नाही. हे काही सर्वेक्षण नव्हे, त्यातून टक्केवारी काढायची नाही. पण फडकं सोडल्यावर आत जे दिसतं ते बघून बायका स्वतःच गप्प होतात.

पंधरा वर्षांच्या मुलीवर नात्यातल्याने जबरदस्ती केली, दिवस राहिले. चिंचोके जवळजवळ सगळे उजवीकडे. बाईला हृदयाचा आजार, डॉक्टर म्हणतात बाळंतपण झेपणार नाही. उजवीकडे. बाळाच्या मेंदूची वाढच नाही असं सोनोग्राफीत दिसलं. बहुतेक उजवीकडे. दोन मुलं आहेत, नवऱ्याचं काम सुटलंय, साधन फसलं. इथे मला वाटलं होतं निम्मे-निम्मे पडतील, पण उजवं मडकं बरंच जड निघालं. चारचौघांत एक हात सरळ वर गेला नव्हता, त्याच खोलीत.

पाचवी परिस्थिती नर्सिंगला शिकणाऱ्या, लग्न न झालेल्या मुलीची होती. मुलाने पाठ फिरवली आहे. चिंचोके टाकताना बायका रेंगाळल्या आणि मडकी उघडण्याआधीच बोलायला लागल्या. ‘अशीला चांगली अद्दल घडली पाहिजे.’ ‘आणि मूल झाल्यावर ते सांभाळणार कोण, तू?’ ‘आपली असती तर?’ हा शेवटचा प्रश्न मागून, भिंतीला टेकून बसलेल्या एका आजींनी विचारला आणि गलका थांबला. शेवटची परिस्थिती, दोन मुलींवर तिसरी मुलगी आहे असं चोरून कळलं, म्हणून गर्भपात. सगळे चिंचोके डावीकडे. एक आवाज आला, ‘पण घरचे ऐकतात का?’ त्याला त्या दिवशी कोणीच उत्तर दिलं नाही.

बायकांना मी नंतर सांगितलं, की तुम्ही फडक्याखाली जे केलंत ते कायद्याच्या फार जवळचं आहे. आपला कायदा मागेल तिला गर्भपात असं म्हणत नाही. तो कारण विचारतो आणि त्यांनी मान्य केलेली कारणं तोही मान्य करतो. अध्यक्षबाईंना हे खरंच नवं होतं. त्यांना वाटत होतं कायदा भित्तिपत्रकावर आहे तेवढाच.

असं का झालं, याचा मी पुष्कळ विचार केला आहे. १९७१चा कायदा कुठल्या मोर्चातून आला नाही. चोरून केलेल्या गर्भपातांत बायका मरत होत्या, डॉक्टरांना ते दिसत होतं. १९६४ साली सरकारने महाराष्ट्राचे तेव्हाचे आरोग्यमंत्री शांतिलाल शहा यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली, तिचा अहवाल १९६६ साली आला आणि त्यातून कायदा झाला. लोकसंख्येची काळजीही त्या काळात होतीच. चांगला कायदा झाला, काळाच्या पुढचा झाला. पण त्यासाठी गावोगाव कोणी बोललं नाही, चावडीवर वाद झाला नाही, घरात भांडण झालं नाही. जो कायदा भांडून मिळवलेला नसतो तो आपला आहे हे लोकांना कोणी सांगावं लागतं, आणि ते सांगायचं राहून गेलं.

आयर्लंडमध्ये उलटं घडलं. तिथे १९८३ साली लोकांनी मतदान करून गर्भपातबंदी राज्यघटनेत घातली, जवळजवळ ६७ टक्के मतांनी. २०१२च्या ऑक्टोबरमध्ये आपल्या बेळगावची सविता हलप्पनवार, ३१ वर्षांची दंतवैद्य, गॉलवेच्या रुग्णालयात वारली. सतराव्या आठवड्यात तिचा गर्भ पडायला लागला होता, वाचणार नव्हता. पण ठोके चालू आहेत म्हणून गर्भपात नाकारला गेला आणि जंतुसंसर्गाने ती गेली. त्या देशात घराघरात त्यावर बोलणं झालं. बायकांनी आपापल्या गोष्टी उघड सांगितल्या. २०१८ साली पुन्हा मतदान झालं तेव्हा ६६.४ टक्के लोकांनी बंदी काढायच्या बाजूने कौल दिला. तोच देश, पस्तीस वर्षांचं अंतर. लोकांची मतं दगडावरची रेघ नसतात, हे मला तिथे दिसतं. बेळगावच्या मुलीचा जीव गेल्यावर परक्या देशात बोलणं सुरू झालं आणि आपल्याकडे कायदा असून बोलणं नाही, याचं वाईटही वाटतं.

सुनीताकडे परत येते. कायदा समजल्यावर तिचा पोलिसांचा प्रश्न मिटला, पण ती उठली नाही. ‘पण पाप तर लागेलच ना?’ म्हणाली. पाप-पुण्याचं उत्तर समुपदेशकाने देऊ नये, असं माझं मत आहे. श्रद्धा तिची आहे, ती मी खोडणार नाही आणि वापरणारही नाही. मी विचारलं, हे तुम्ही कोणाकडून ऐकलं? ती थोडा वेळ आठवत राहिली. मग सांगितलं, गावच्या सप्त्यात, कीर्तनात. महाराज गर्भातल्या जीवाबद्दल बोलले होते आणि बायकांच्या बाजूला एकदम शांतता झाली होती. तिथे बसलेल्यांमधल्या कोणाकोणाचं क्युरेटिन, म्हणजे पिशवी साफ करून गर्भपात, झालेलं तिला माहीत होतं? हा प्रश्न मी विचारला नव्हता. तिनेच बोटं दुमडायला सुरुवात केली. मोठी जाऊ. चुलतसासू. शाळेतल्या बाई. माहेरची वहिनी. ‘सगळ्या खाली मान घालून बसलेल्या, मॅडम. मला वाटलं माझ्यावरच आलंय सगळं.’

मग ती खूप रडली. मी थांबवलं नाही. त्या दिवशी निर्णयही घेऊ दिला नाही. साडेनऊ आठवडे झाले होते, हातात वेळ होता. मूल ठेवायचं ठरवलं तर काय मदत मिळेल तेही तिला सांगितलं, कारण काही जणी बोलता बोलता मूल ठेवायचं ठरवतात आणि तो निर्णयही तितकाच त्यांचा असतो. दोन दिवसांनी ती नवऱ्याशी फोनवर नीट बोलून आली. तिचं पक्कं होतं. मान्यताप्राप्त केंद्रात सोनोग्राफी झाली, गर्भ पिशवीतच होता. संमतीच्या फॉर्मवर तिने स्वतःचं नाव लिहिलं. सिस्टरने विचारलं, सोबत कोण आहे? तिने कारखान्यातल्या मैत्रिणीकडे बोट दाखवलं. सोबतीला कोणीतरी असावं हे बरोबरच आहे; सोबत वेगळी आणि परवानगी वेगळी. संध्याकाळपर्यंत ती घरी होती.

‘नंतर मन खाईल का?’ हेही पुष्कळ जणी विचारतात. काही जणींना खातं, काही काळ. काहींना फक्त सुटल्यासारखं वाटतं आणि सुटल्यासारखं वाटलं याचंच अपराधीपण येतं. अमेरिकेत संशोधकांनी सुमारे १००० स्त्रियांशी पाच वर्षं वेळोवेळी बोलून एक अभ्यास केला. गर्भपात झालेल्यांपैकी ९५ टक्क्यांहून अधिक जणींनी, केव्हाही विचारलं तरी, निर्णय योग्य होता असंच सांगितलं. ज्यांना आजूबाजूचे लोक नावं ठेवतील असं वाटत होतं, त्यांना तो निर्णय घेणं जास्त जड गेलं होतं. तिथली परिस्थिती वेगळी, पण हे दुसरं निरीक्षण मला सिडकोतही रोज दिसतं. झोप उडाली, जेवण सुटलं, मुलांवर हात उचलला जायला लागला, जगू नये असं वाटलं, तर मात्र थांबू नका. टेलिमानस या सरकारी मोफत सेवेचा क्रमांक १४४१६ आहे, मराठीत बोलता येतं.

कळवण भागातून शिकायला आलेल्या एका मुलीचं थोडक्यात सांगते, कारण चिंचोक्यांच्या वेळी सगळ्यांत जास्त गलका अशाच मुलीवरून झाला होता. लग्न झालेलं नाही तर डॉक्टर हात लावतील का, एवढाच तिचा प्रश्न होता. १९७१च्या कायद्यात साधन फसण्याचं कारण फक्त विवाहित स्त्रीसाठी होतं. २०२१च्या दुरुस्तीत ‘कोणतीही स्त्री’ असं झालं आणि २९ सप्टेंबर २०२२ला सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं, की अविवाहित स्त्रीला विवाहितेइतकाच हक्क आहे. लोकांच्या बोलण्याची भीती जुनीच आहे. १८६३ साली जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं, ते लोकांच्या बोलण्याला भिऊन विधवा जीव देत होत्या, नाहीतर मूल मारत होत्या म्हणून. त्या मुलीने वसतिगृहाच्या गच्चीवर काय काय विचार केला होता ते मी इथे लिहिणार नाही. ती आज शिकते आहे.

सुनीताच्या सासूबाईंना शेवटी कळलंच. जाऊबाईंकडून. त्या तडक सिडकोत आल्या. सुनीताने तयारी ठेवली होती, पापाबद्दल बोलल्या तर काय म्हणायचं याची. सासूबाईंनी पिशवी खाली ठेवली आणि पहिला प्रश्न विचारला, ‘मुलगा होता का गं?’ ती म्हणाली, ‘ते कोणालाच माहीत नाही आई, आणि विचारायचं पण नसतं.’ पुढे त्या आठवडाभर राहिल्या, तिला डिंकाचे लाडू करून घातले आणि बोलल्या मात्र फारशा नाहीत. नवरा हंगाम संपल्यावर तिच्याबरोबर केंद्रात आला. नसबंदी केली तर गाडी ओढायची ताकद राहते का, एवढंच त्याला विचारायचं होतं. राहते. टाके नसलेली छोटी शस्त्रक्रिया असते, थोड्या दिवसांत माणूस कामाला लागतो. मात्र त्यानंतर सुमारे तीन महिने दुसरं साधन वापरायचं आणि वीर्य तपासून घ्यायचं, हे त्याला दोनदा सांगितलं.

लिंगनिदान होत नाही हा फलक प्रत्येक सोनोग्राफी केंद्राबाहेर असतो, आणि असायलाच हवा. मला हवं आहे ते असं, की जिथे गर्भपाताची मान्यता आहे तिथे मान्यतापत्राशेजारी मराठीत चार ओळी लावाव्यात. इथे कायदेशीर गर्भपात होतो. संमती फक्त स्त्रीची लागते. नाव गुप्त राहतं. गर्भाचं लिंग सांगितलं जात नाही. आमच्या परीने आम्ही डॉक्टरांना भेटतो आहोत. काहींनी लगेच होकार दिला. गंगापूर रोडवरच्या एका डॉक्टरांनी मजकूर वाचला, सगळा बरोबर आहे म्हणाले, आणि मग म्हणाले, ‘खालच्या दोन मजल्यांवर फॅमिल्या राहतात. सोसायटीतले लोक काय म्हणतील?’ मी त्यांना चिंचोक्यांचा प्रकार सांगितला. सोसायटीच्या महिला मंडळासाठी येत्या महिन्यात तो करून बघायचं ठरलं आहे. मडकी आम्ही नेणार आहोत.